मिस ओफेलियाची शिष्यवृत्ती

ओफेलिया बारिएंतोस अजून जिवंत आहे, आणि ती मेल्यावर मी फुलं घेऊन जाणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीच्या अलीकडे, आमच्या टेक्सासातल्या गावात सगळे तिला ‘मिस’ म्हणतात. अर्ध्या गावाला तिनेच इंग्रजी शिकवलं, म्हणून खाटकाच्या दुकानातसुद्धा तिला रांगेत पुढे जाऊ देतात.

खरं तर आमच्यातलीच ती. बाप संत्र्यांच्या बागेत राबायचा, आई मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले घरोघर विकायची. घरात सगळं बोलणं स्पॅनिशमध्ये. पण बाई शिक्षिका झाली आणि तिचा नूरच पालटला. वर्गात कुणी स्पॅनिश बोललं की ती फळ्यावर खडूने गोल काढायची आणि पोराला त्यात नाक टेकवून उभं करायची. गोल मुद्दाम नाकापेक्षा दोन बोटं वर, म्हणजे टाचा उचलाव्याच लागत. माझा धाकटा भाऊ निकानोर तेव्हा पहिलीत. “मिस, लघवीला जाऊ?” एवढंच त्याने विचारलं, तेही आपल्या भाषेत, कारण दुसरी येतच नव्हती. त्या गोलापुढे उभ्याउभ्या त्याची चड्डी ओली झाली. मी दारातून बघत होते. आता मिस म्हणते, हेडमास्तरांचा हुकूम होता. असेल. तो गोरा खडूसच होता. पण गोल दोन बोटं वर काढ, असं काही त्याने सांगितलं नव्हतं.

पुढे निकानोरला मुलं झाली आणि त्याने घरात स्पॅनिश बंद केली. आमची आई नातवंडांशी खुणा करत करतच गेली. मी भांडले की तो म्हणायचा, “ताई, माझी पोरं कुणाच्या फळ्याला नाक लावणार नाहीत.”

त्याची नात दालिला. पोरगी हुशार. विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण तिथे राहण्याजेवण्याचा खर्च निकानोरच्या आवाक्यातला नव्हता. आमच्या चर्चचं मंडळ आपल्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. ती मिळाली तर कॉलेज, नाही तर संत्र्यांच्या पेट्या भरायच्या. आणि मंडळाची अध्यक्ष कोण? मिस! निवृत्त झाल्यापासून तिला आपल्या संस्कृतीचं भरतं आलंय. केसात फूल काय, भरतकामाची शाल काय!

मुलाखत सभागृहात, सगळ्यांसमोर. घरच्यांनी सोबत यायचं, हा तिचाच नियम. मिसने स्पॅनिशमध्ये विचारलं, “काय गं बाळ, आजीच्या हातचं काय आवडतं तुला?”

दालिला गोंधळली. इंग्रजीत म्हणाली, “माफ करा, मला कळलं नाही.”

“कळलं नाही?” मिस मंडळाच्या बाकी चौघांकडे वळून हसली. “आडनाव साल्दीवार आणि तोंड गोऱ्यांचं! अहो, ही शिष्यवृत्ती आपल्या मुलांसाठी आहे. ज्यांना आजीची भाषा नको, त्यांना आपले पैसे बरे चालतात!”

दालिलाला शब्द कळले नाहीत, पण हसणं कळलं. तिचे कान लाल झाले. माझं डोकं फिरलं. मी उठणार, तेवढ्यात निकानोर उठला.

भिंतीवर रविवारच्या बालवर्गाचा फळा होता. निकानोरने खडू घेतला, आपल्या नाकापेक्षा दोन बोटं वर गोल काढला, टाचा उचलल्या आणि नाक टेकवलं. साठीचा माणूस, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेला.

“निकानोर, हा काय तमाशा?” मिस म्हणाली.

“शिक्षा घेतोय, मिस. पोरीला स्पॅनिश येत नाही, कारण ती मी बंद केली. का केली, ते तुम्ही सांगा यांना.”

“पुरे झाली नाटकं. बस खाली.”

“आधी सांगा, मग हलतो.”

त्याने टाचा काही खाली टेकवल्या नाहीत. दालिला धावत गेली आणि त्याच्या कोपराला धरून उभी राहिली. मंडळातला रोहेलिओ खाटीक हळूच म्हणाला, “सांगा ना, मिस. माझंही नाक होतं तिथे.”

“मला तसा हुकूम होता,” एवढंच ती म्हणाली, तेही पर्सकडे बघत. माफीचा एक शब्द नाही. शेवटी रोहेलिओने मतं घ्यायला लावली. चार हात वर गेले. मिसचे दोन्ही हात पर्सवरच होते.

पण चेक अध्यक्षांनीच द्यायचा आणि घरच्यांसोबत फोटो काढायचा, हाही तिचाच नियम. मिस उभी राहिली, शेजारी दालिला, तिच्याशेजारी निकानोर. फोटोवाला म्हणाला, “आजोबा, नाकाला खडू लागलाय. पुसून घ्या.”

“मिसना विचार,” निकानोर म्हणाला. “त्या हो म्हणाल्या तर पुसतो.”

मिसने शाल सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. फोटो तसाच निघाला. आता तो चर्चच्या दाराशी लावलाय, आणि दर रविवारी तिला त्याच्यासमोरूनच आत जावं लागतं.