सुकाणू मागे असतं

मागे राहून पुढच्यांना वाट दाखवणारा आमच्या शेजारच्या काकांसारखा माणूस अख्ख्या नवी मुंबईत शोधून सापडायचा नाही. काका मूळचे सारसोळ्याचे कोळी. होडी विकून नेरुळच्या आमच्या सोसायटीत राहायला आले, पण होडीतली सवय काही सुटली नाही. दर वर्षी पावसाळा सरताना ते आम्हा सोसायटीवाल्यांना घाटातल्या जुन्या जंगलातून वरच्या फुलांच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, न्यायचे आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी चालायचे. "सुकानू मागं आसतं," एवढंच त्यांचं म्हणणं. जंगलाच्या तोंडाशी समुद्राला द्यावा तसा नारळ द्यायचे आणि मग दिवसभर मागून हुकूम सोडायचे, "डावीकडं घ्या." डावीकडे बहुतेक वेळा दरी असायची. आम्ही "हो काका" म्हणून सरळ जायचो.

गंमत अशी, की एवढी वर्षं आम्हाला नेणाऱ्या काकांनी तो सडा कधी पाहिलाच नव्हता. दर खेपेला कुणीतरी दमायचं आणि काका त्याच्यापाशी बसून राहायचे. एकदा ऐरोलीच्या माझ्या मेव्हण्याला नवे बूट चावले. पुढच्या वर्षी माझ्या बायकोला धाप लागली. तिला ओशाळं वाटू नये म्हणून काका स्वतःची टाच धरून कण्हायला लागले. ते इतकं हुबेहूब, की शेवटी तिनेच त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. वरच्या फुलांचं वर्णन मात्र ते आम्हाला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत मन लावून ऐकायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. यापुढे डोंगर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून शेवटच्या खेपेला आम्ही काकांना पुढे घालायचं ठरवलं. ते बिथरलेच. "पुढं बसून होरी कोन हाकतंय?" शेवटी बायको म्हणाली, "काका, मी मागे राहते. कुणाला सोडणार नाही." तेव्हा कुठे ते तयार झाले. मग मांडीएवढी मुळं ओलांडत सगळे त्यांच्या गुडघ्याच्या चालीने चाललो. दर वळणावर काका थांबून मागे बघत.

झाडं संपली आणि निळ्या फुलांनी भरलेला सडा समोर आला. काका त्याच्याकडे पाठ करून उभे. "सगली आली का?" बायको शेवटी पोहोचली, तेव्हा मी त्यांना खांद्यांना धरून वळवलं. गुडघा धरून ते वाकले आणि एका फुलाला हळूच बोट लावून बघितलं.

यंदा काका नवा गुडघा सांभाळत घरी बसले आणि आम्ही गेलो. सड्यावर पाय ठेवला आणि न ठरवता सगळेच मागे वळून उभे राहिलो. जंगलातून शेवटी माझी बायको आली. तिच्यामागे कुणी नव्हतं.