रेघ न खाणारे मिस्त्री

“रेघ खायची न्हाई, भाऊ. करवत रेघेच्या शेजारनं चालली पायजे.” एवढं बोलून मिस्त्री नुकत्याच कापलेल्या भोकात बोट घालायचे आणि डोळे मिटून कडेकडेनं एकदा पूर्ण फिरवायचे. बोट कुठे अडखळलं नाही की नुसतं “हं” म्हणायचे. ते “हं” आल्याशिवाय फळी बाकावरून हलायची नाही.

तुम्ही लाकडाला कधी गोल भोक पाडून पाहिलंय का? पाहू नका. गिरमिटानं आधी एक छोटं भोक पाडायचं, त्यातून अरुंद पात्याची करवत घालायची आणि पेन्सिलीच्या रेघेबरोबर वळत वळत निघालो तिथेच परत यायचं. सांगायला सोपं आहे. मी बसलो की करवत आपल्या मर्जीनं फिरायची आणि शेवटी उंदरानं कुरतडल्यासारखं काहीतरी व्हायचं. माझं काम खरं तर रेडिओ दुरुस्त करायचं. परभणीला स्टेशन रोडवरच्या एका दुकानात मी नोकरीला होतो.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि गावातल्या चहाच्या हॉटेलांना गाण्यांचं वेड लागलं होतं. रेडिओ गल्ल्यापाशी असायचा, पण बाहेर बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकासाठी एक जादा स्पीकर हवा असायचा. स्पीकर आमच्याकडे नुसता यायचा. तसाच वाजवला तर आवाज पत्र्यासारखा. त्याला लाकडी पेटी लागायची आणि पेटीच्या तोंडाला गोल भोक. भोक बरोबर नसलं की स्पीकर नीट टेकत नाही आणि आवाज वाढवला की सगळी पेटी कुरकुरते. माझ्या पेट्या कुरकुरायच्या. म्हणून मालकांनी पेडगावच्या या मिस्त्रींना शोधून आणलं.

मिस्त्री पन्नाशी उलटलेले, काटकुळे, अंगात बंडी. बापजाद्यांपासून बैलगाडीची चाकं करणारे. पण आता लोक गाडीला रबरी टायरची चाकं लावू लागले होते आणि लाकडी चाक सांगायला वर्षात एखादाच यायचा. त्याचा त्यांना रागही नव्हता. “तिकडं चाकाच्या मधल्या तुंब्याला भोक, हितं तुमच्या भोंग्याला,” ते म्हणाले. “भोक ते भोकच की.”

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला दाखवून दिलं की भोक ते भोकच नसतं. मी त्यांच्या हातात स्पीकर दिला आणि याच्या मापानं कापा म्हणालो. त्यांनी खिळा ठोकला, दोरा बांधला, गोल काढला आणि तासाभरात असं भोक कापलं की मी बघतच राहिलो. मग मालकांच्या समोर त्यांनी मोठ्या ऐटीत स्पीकर भोकावर ठेवला. तो सरळ आरपार जाऊन पेटीच्या तळाशी आदळला आणि त्याचा कागदी पडदा टर्रकन फाटला. मालक कपाळाला हात लावून बसले. मिस्त्रींना मात्र काय चुकलं तेच कळेना.

“अख्खा आत गेला की! तुंब्यात आस अख्खाच जातो.”

मी समजावलं की याची लोखंडी कड लाकडावर टेकायला हवी, नुसतं तोंड भोकातून बाहेर दिसायला हवं. ते विचारात पडले. मग एकदम हसले.

“म्हंजे ह्यो दारातच थांबणारा पाव्हणा हाय. तसं सांगायचं ना आधी!”

त्यानंतर माप कधी चुकलं नाही. भोकातून निघालेली लाकडाची चकती ते पिशवीत टाकून घरी न्यायचे. पेडगावात त्यांच्या आळीतल्या प्रत्येक रांजणावर म्हणे आमच्याच दुकानाचं झाकण होतं. पेटी हॉटेलात लागली की ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिकडून चक्कर मारायचे. गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. चहा हातात घेऊन पेटीखाली उभे राहायचे आणि मोठा आवाज आला की कान टवकारायचे. “थरथरायली न्हाई ना?” हॉटेलवाल्याला विचारायचे. तो नाही म्हणाला की मग चहा प्यायचे, तोवर तो गार झालेला असायचा. माणूस मला आवडायला लागला होता. इतका की पुढे जे केलं ते त्या आवडण्यापायीच केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं की ते पेन्सिल वापरत नाहीत. दोऱ्याच्या टोकाला खिळा बांधून ते फळीवर खोल ओरखडा काढत होते आणि करवत चालवताना डाव्या हाताचं बोट त्या ओरखड्यावरून पुढे सरकवत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्यांना कळलं नाही.

“मिस्त्री, दिसत नाही का?”

करवत थांबली. “धूर दिसायलाय,” ते म्हणाले. “सालभर झालं. मधलं तेवढं जरा दिसतं, बाजूचं समदं गेलं.”

मी त्यांना ओढूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले आणि हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे म्हणाले. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली टिकायची नाही. मिस्त्रींनी मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकत होते. परत येताना रस्त्यात मात्र त्यांनी माझा हात धरला.

“भाऊ, मालकाला सांगू नगा. हात चालायलाय तवर येतो. पर एक कबूल करा. बोटाला खरबडं कळतं, पर भोक गोल हाय का लांबट, ते डोळ्यालाच कळतं. ज्या दिशी माझं भोक लांबट जाईल, त्या दिशी तुमी मला सांगायचं. दुसऱ्या दिवसापासनं मी येणार न्हाई. पर सांगायचं. लोकाच्या दारात माझं वंगाळ काम टांगायचं न्हाई.”

मी त्यांच्या हातावर हात मारून कबूल केलं.

तो दिवस दोन महिन्यांनी आला. ओरखडा काढताना दोरा जरा सैल झाला असावा. भोक एका बाजूला चांगलं बोटभर सरकलं होतं, अंड्यासारखं. कड मात्र गुळगुळीत. मिस्त्रींनी बोट फिरवलं, “हं” म्हणाले आणि माझ्याकडे तोंड करून थांबले.

“बराबर हाय ना, भाऊ?”

मी हो म्हणालो. उद्या सांगू, असं मनात होतं. ते पेडगावच्या आगगाडीला गेल्यावर मी लाखेत भुसा कालवून ती जास्तीची जागा भरली, कानशीनं घासली, वरून काचपेपर मारला. मालकांनाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आले ते हसतच आले, घरच्या शेंगा घेऊन. सांगायचं राहून गेलं. त्या आठवड्यात आणखी एक पेटी तशीच गेली. मग माझी रोजची पद्धतच पडली. मिस्त्री निघाले की मी लाख वितळवायला घ्यायचो. असे चार महिने गेले. मला वाटत होतं मी त्यांचं आयुष्य सांभाळतोय.

पुढे एक हॉटेलवाला आपली पेटी घेऊन आला. स्पीकरचा कागद फाटला होता. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो, तेवढ्यात मिस्त्रींनी पेटी मांडीवर घेऊन सवयीनं स्क्रू सोडवायला सुरुवात केली. स्पीकर काढला आणि बोट भोकात घातलं. ते निम्म्यात थांबलं. तिथेच मागे-पुढे फिरलं. मग त्यांनी नखानं खरवडून बोट नाकाशी नेलं.

“लाख हाय,” ते म्हणाले.

त्यांनी हॉटेलवाला गेल्यावर विचारलं, “कवापासनं?”

“चार महिने झाले, मिस्त्री.”

“दुकानात किती पेट्या हायत माझ्या?”

पाच होत्या. मी एकेक आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पाचही पेट्यांवर बोट फिरवलं, सावकाश, एखाद्या लेकराच्या अंगावरची सूज चाचपावी तसं. चारांत लाख सापडली. एकीत सापडली नाही.

“ही आपूआप बराबर गेली का तुमी मन लावून घासली?”

“ही तुमचीच आहे. शप्पथ. हात लावला नाही मी.”

खरंच लावला नव्हता. मिस्त्री ती पेटी धरून बसले.

“असंल,” ते म्हणाले. “पर आता तुमी खरं सांगितलं तरी मला कसं कळावं?”

त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. मी माफी मागितली, आडवा गेलो, चुकलो म्हणालो. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले की गाडीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. मालकांनी हैदराबादहून तयार प्लायवूडच्या पेट्या मागवल्या. त्या स्वस्त होत्या आणि कुरकुरत नव्हत्या.

मला पेडगावला जायचं धाडस व्हायला वर्ष लागलं. पावसाळ्याचे दिवस होते. सायकल बाहेर लावून आत गेलो, तर मिस्त्री सोप्यात एकटेच भिंतीला टेकून बसले होते. घरची माणसं रानात गेली होती. मी आवाज दिला. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाले, परभणीची खुशाली विचारली. राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो आणि तेही हूं हूं करत राहिले.

“उजेड-अंधार तेवढा कळतो आजून,” ते मधेच म्हणाले. “तेवढ्यावर चाललंय.”

मी बरं म्हणालो. थोड्या वेळानं त्यांनी दाराकडे तोंड वळवलं.

“रानातनं कुणी आलं न्हाई आजून. दिस मावळला न्हवं, भाऊ?”

हो म्हणणं किती सोपं होतं. मावळतोय म्हटलं असतं, दिवा लावल्यासारखं केलं असतं आणि सायकलवर बसून निघून आलो असतो. माझ्या तोंडाशी आलंच होतं.

“नाही, मिस्त्री,” मी म्हणालो. “दुपारचे दोन वाजलेत. ऊन पडलंय. दारातून उजेड आलाय तो तुमच्या मांडीपर्यंत.”

त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

“असं,” ते म्हणाले. “बरं केलं सांगितलं.”