मी गाळलेला शब्द

आमचं घर खरवईचं. शेत डोंगराच्या पायथ्याला आणि शेताच्या वर ठाकरवाडी. लावणीला वाडीतल्या बायका आमच्याकडे यायच्या. त्यातल्या एकीने मला कडेवर खेळवलंय. तिला मी मावशी म्हणतो. तिच्या वाडीची जमीन माझ्यामुळे गेली. हे घरच्यांनाही मी गेल्या वर्षीपर्यंत सांगितलं नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी उल्हासनगरला जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाच्या ऑफिसात कारकून होतो. अक्षर चांगलं आणि आसपासच्या गावांत ओळखी, म्हणून पंचनामा असला की मला बरोबर न्यायचे. वाडीच्या वरचा उतार माझ्या शेठला फार्महाऊससाठी हवा होता. सातबाऱ्यावर वाडीचं नाव कधी लागलंच नव्हतं. बापजाद्यांपासून तिथे वरई आणि नाचणी पिकवत आले, एवढाच त्यांचा हक्क. कागदोपत्री अडचण एकच होती. ती जागा कोणी कसतं का?

कसत होते. पण उतारावरची शेती आमच्या भाताच्या खाचरांसारखी नसते. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, मग तितकीच वर्षं जमीन सोडून द्यायची. झाडोरा वाढला की तोडून जाळायचा आणि पुन्हा नाचणी. आम्ही पंचनाम्याला गेलो ते सोडलेलं वर्ष होतं. ते योगायोगाने घडलं नाही. कुठल्या वर्षी तिथे नुसतं गवत असेल, ते शेठला मीच सांगितलं होतं.

माथ्यावर शेंदूर लावलेले तीन-चार दगड आहेत. ते वाडीचे वाडवडील. उतारावरचं पहिलं कणीस त्यांच्यापुढे ठेवल्याशिवाय वाडीत कोणी नवं धान्य तोंडात घालत नसे. पंचनाम्याच्या दिवशी बाकी वाडी वीटभट्टीवर गेली होती. मावशी एकटी दगडांजवळ शेळ्या घेऊन बसली होती. बरोबरचे तलाठी आणि पंच खाली सावलीत थांबले. मी कागद घेऊन वर गेलो.

"मावशी, यंदा इथं कोण कसतंय?"

"यंदा कोन नाय. निजवलीय तिला. दोन सालांनी उठवू." मग हसली. "तुला ठाव नाय का रं? लहानपनी भाकर कुठल्या नाचनीची खाल्लीस?"

मी लिहिलं, 'सदर जागा यंदा कोणी कसत नाही.' लिहून झाल्यावर 'यंदा' या शब्दाकडे पाहत राहिलो. खाडाखोड दिसली असती, म्हणून दुसरा कागद घेतला आणि तो शब्द सोडून वाक्य पुन्हा लिहिलं.

"काय लिवलंस?"

"तू बोललीस तेच."

तिने अंगठा पुढे केला. मीच शाई लावली.

पुढच्या पावसाळ्याआधी तारेचं कुंपण आलं. खालच्या निम्म्या उतारावर बंगले झाले, वरचा निम्मा नुसताच कुंपणात अडकून राहिला. वाडीतले लोक तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांना तो कागद दाखवण्यात आला. तुमच्याच बाईचा अंगठा आहे, म्हणाले. त्या दिवसापासून मावशी वाडीला नकोशी झाली. सख्ख्या मुलाने चूल वेगळी केली. आईच्या हातचं पाणीसुद्धा तो घेत नाही, हे मला आमच्या शेतावर येणाऱ्या बायकांकडून कळलं. दगडांपुढे ठेवायला धान्य दुकानातून येऊ लागलं. मग तेही कोणी आणीना. हे सगळं ऐकून मी मान हलवायचो आणि म्हणायचो, "वाईट झालं." एवढंच म्हणायचो.

गेल्या वर्षी वाडीने जमीन परत मिळावी म्हणून दावा केला. मावशीची नात अंबरनाथच्या कॉलेजात शिकते. एका रविवारी ती पंचनाम्याची झेरॉक्स घेऊन आमच्या दारात आली. चहा नको म्हणाली.

"काका, हे अक्षर तुमचं आहे ना?"

"हो."

"आजी म्हणते, मी एवढंच नव्हते बोलले. पण नक्की काय बोलली ते तिला आता आठवत नाही. बाबा तिला म्हणतात, म्हातारे, आता तरी खोटं बोलू नको." ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुम्हाला आठवतं?"

बायको आतून ऐकत होती. मी म्हटलं, "आठवतं. शब्दन्शब्द."

प्रांत कचेरीत सुनावणीला मी सगळं सांगितलं. समोरच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय कशावरून?" जबाब लिहून घेतला गेला, मी सही केली. बाहेर आल्यावर वाटलं, सुटलो.

जिन्यात नात म्हणाली, "इथं कचेरीच्या भाषेत काय बोललात ते बाबांना थोडीच कळलं? वाडीवर येऊन सांगा."

"आज?"

"वीस वर्षं थांबलात की काका. आज."

वाडीत मारुतीच्या पारावर माणसं जमली. मावशी कडेला, एकटी बसली होती. मी तिचं वाक्य सांगितलं, पूर्ण. मी काय लिहिलं ते सांगितलं. दुसरा कागद घेतला तेही सांगितलं. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मावशी मुलाकडे वळली. "ऐकलंस?"

तो खाली बघत होता.

"परत सांग त्याला," ती मला म्हणाली.

मी परत सांगितलं. तो उठला, पायात चपला घातल्या आणि निघून गेला. मावशी तो गेला त्या बाजूला बघत राहिली. मग हळूच बोलली, "मना वाटलं, मीच इसरले. मीच कायतरी बोलून बसले आसन." वीस वर्षं ती स्वतःलाच चोर समजत होती. जमिनीबद्दल मी मनाची तयारी करून गेलो होतो. याच्याबद्दल नाही.

वरचा निम्मा उतार वाडीला परत मिळाला. बंगल्यांखालचा गेला तो गेलाच. माझ्या जबाबाचा उपयोग झाला की नाही, ते निकालात मला शोधून सापडलं नाही.

यंदा पहिली नाचणी झाली. कणीस घेऊन वाडी दगडांकडे निघाली, तेव्हा मी आमच्या बांधावर उभा होतो. मधे बंगल्यांचं कुंपण आल्यापासून वर जायची वाट आमच्या शेतातून वळून जाते. मला कोणी बोलावलं नव्हतं. मावशीचा मुलगा सगळ्यांच्या पुढे होता, भराभर चढत. तो आता आईशी बोलतो म्हणे, पण चूल अजून वेगळीच आहे. मावशी सगळ्यात मागे, एकटी. बांधापाशी तिला चढ जड जात होता. मी हात पुढे केला.

तिने हाताकडे पाहिलं. रागाने नाही, परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसं.

"बाजूला हो जरा," म्हणाली, आणि बांधाचं गवत धरून वर चढली.