डबा काळा होता

२००९ च्या मे महिन्यात मी पुण्याहून घरी आले ती डोक्यावर चढवायचा एक डबा घेऊन. आत डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, मागून लॅपटॉपला जाणाऱ्या वायरी. डबा घातला की माणूस समुद्रात. तारकर्लीला येणाऱ्या, पण होडीत बसायला घाबरणाऱ्या पर्यटकांसाठी आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत तो बनवत होतो. समुद्र खरा वाटतो का, हे बाबांशिवाय कोण सांगणार? त्यांचा जन्म होडीत गेलेला.

बाबांनी खुर्चीत बसण्याआधी चपला काढल्या. होडीत चढताना काढतात तशा. मी हसले. डबा चढवल्यावर समुद्राकडे पाठ करून ते आधी किनारा शोधू लागले. मासळीची जागा आमच्याकडे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून ठरवतात.

"गो चेडवा, होडी वाईच डावीकडे घी. माड देवळाच्या कळसार येवक व्हयो."

मी लॅपटॉपवरून ती डावीकडे घेतली.

"आता बरोबर. हयसर टाक जाळा."

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. त्याच तोऱ्यात डबा स्वतःच्या डोक्यावर घातला आणि बघते तर उजवा पडदा काळाकुट्ट. एस.टी.च्या हादऱ्यांनी आतली वायर सुटली असणार.

"बाबा, काळोख कधी झालो?"

"खंयचो काळोख? माका सगळा दिसला."

मी त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि विचारलं, "बोटां किती?"

"तीन."

मी दुसरा हात वर केलाच नव्हता.

आई दारात मासळीची टोपली धूत होती. तिने मानही वर केली नाही. "ह्यांका उजव्या डोळ्यान दिसणा नाय. तीन वर्सा झाली. तुका सांगला तर सगळा टाकून येशीत, म्हणान सांगूक नाय."

मी अक्षरशः ओरडले. तीन वर्षं! एका डोळ्याने हा माणूस लाटांतून होडी किनाऱ्याला लावतोय! बाबा मात्र शांत. "खूण बघताना एक डोळो मिटूचोच लागता गो. माका कमी काय पडला?"

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच कणकवलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली आहे, तो औषधाने सांभाळू. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

डबा नीट बसावा म्हणून प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मी पट्टीने मोजत होते. अनोळखी लोकांच्या डोळ्यांनी माझी अख्खी वही भरली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

परतीच्या एस.टी.त मी बाबांच्या उजव्या बाजूला बसले. त्यांनी मला उठवलं.

"हय, डावीकडे बस गो. थंयसर माका कायएक दिसणा नाय."

घरी जेवतानासुद्धा तीन वर्षं ते मला डाव्या हाताला बसवून घ्यायचे. मला वाटायचं, लाड.