खोटा भंडारा

जतच्या कोरड्या टापूतल्या एका धनगरवस्तीवर हरणाबाई बारा वर्षं आशाताई आहे. बाळंतपणं, गोळ्या, लसी, सगळं तिच्याच हातून झालेलं. एके काळी ती अंगणात आली की चुलीवर चहाचं आधण चढायचं. आता ती दिसली की दारं आतून लागतात. तिला राग येतो, पण तो काढायचा कुणावर? चूक तिचीच होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जाईबाईच्या नवऱ्याला, अर्जुनाला, धाप लागली. जाईबाई त्याला काही केल्या कोविड सेंटरला पाठवेना. तिथं ऑक्सिजन संपत आलाय हे हरणाबाईला ठाऊक होतं. तरीही तिनं बिरोबाचा भंडारा, देवाची ती हळद, तळहातावर उचलली आणि शपथ घेतली, की माणूस चालता परत आणते. भंडाऱ्यापुढं धनगराला दुसरा शब्द नसतो. जाईबाईनं अर्जुनाला जाऊ दिलं. चौथ्या दिवशी फोन आला. मातीसुद्धा तिकडंच परक्या माणसांनी उरकली, शेवटचं तोंड बघणंही घरच्यांच्या नशिबी आलं नाही.

या पंधरवड्यात वस्तीवर गोवर शिरला आणि दोन लेकरं गेली. जाईबाईची दहा महिन्यांची नात अजून लसीवाचून होती. नर्सबाई लिंबाखाली लसीचा डबा घेऊन बसल्या होत्या, त्यांना दुपारी पुढचं गाव गाठायचं होतं. हरणाबाई जीव मुठीत धरून उंबऱ्याशी उभी राहिली.

जाईबाईनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणून तिच्यापुढं ठेवली.

"उचल. पोरीला कायबी हुणार न्हाई म्हण."

चिमूटभर हळद उचलली की काम झालं असतं. हरणाबाईचा हात पुढं गेला आणि थांबला.

"न्हाई उचलत, मावशी. ताप येईल. एखाद्याला जास्तबी हुतं. पर गोवरानं लेकरू जातं, ते तुमी बघितलंय. आन् तवा… तितं ऑक्सिजन संपत आलाय, हे मला ठावं हुतं. काका घरी ऱ्हायले तर जगत न्हाईत, म्हणून मी खोटा उचलला."

जाईबाईनं भंडाऱ्याची वाटी उचलून देव्हाऱ्यात परत ठेवली. मग तिनं सुनेला खूण केली. सून पोरीला कडेवर घेऊन लिंबाकडं गेली.

"आज खरं बोललीस, म्हणून पोर धाडली," जाईबाई म्हणाली. "तवा बोलली असतीस तर धनी माझ्या मांडीवर गेलं असतं. हितनं फुडं दुसऱ्या कुणालाबी धाड, हरणा. तू येऊ नगंस."