एल्बिया आणि लाल फुल्या

एल्बिया तेचेराला कुणी "कशी आहेस?" विचारलं की ती "आहे" एवढंच म्हणायची. मेर्सेदेस या आमच्या गावातल्या निम्म्या वेबसाइट ती एकटी सांभाळायची, आणि त्यातच आमचा वस्तीचा रेडिओही आला. बगलेत थर्मास, हातात माते, म्हणजे कडू पाल्याच्या चहाचा पेला, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी तिथे सकाळच्या बातम्या वाचतो, त्यामुळे तिची कुरकुर सगळ्यात आधी माझ्याच कानावर पडायची. खरं सांगायचं तर ती कुरकुर नव्हतीच. ती बरोबर बोलायची आणि कुणी ऐकायचं नाही, एवढंच.

आमच्या साइटवर गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज साठवलेले आहेत. नदीवरचे कोळी, धोबिणी, कागद कारखान्यातले कामगार. त्यातले बरेच आता हयात नाहीत. संचालक वाल्देमारच्या भाच्याने ती साइट बनवली आणि कार्यालयाच्या पानावर प्रत्येक आवाजापुढे एक लाल फुली ठेवली. फुली दाबली की तो आवाज गायब. भाचा पुढे राजधानीत, माँतेविदेओला निघून गेला आणि हे लचांड एल्बियाच्या गळ्यात पडलं.

"ही फुली म्हणजे साधी लिंक आहे," तिने पहिल्याच आठवड्यात वाल्देमारला सांगितलं. "लिंक नुसती बघायला असते. बघितल्याने काही पुसलं जाता कामा नये. पुसायचं तर वेगळं बटण हवं, आणि ते आपल्याच पानावरून दाबलंय याची खूण सोबत जायला हवी."

"अगं, 'नक्की पुसू का?' असं विचारते की ती!"

"माणसाला विचारते. यंत्राने लिंक उघडली तर कुणाला विचारणार?"

"यंत्र कशाला मरायला येतंय आपल्या रेडिओत? चाललंय ना? मग हात लावू नकोस."

ती अधूनमधून सांगत राहिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने सांगणं सोडलं.

हिवाळ्यात यामिला नावाची मुलगी कार्यालयात लागली. आमचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय. कंटाळून तिने ब्राउझरला वेग वाढवणारा एक जोड, म्हणजे छोटासा प्रोग्राम, बसवला. पानावर जेवढ्या लिंक असतील तेवढ्या तो आपणहून आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे माणसाला ताटकळायला नको. सकाळी तिने पासवर्ड टाकून कार्यालयाचं पान उघडलं आणि मातेसाठी पाणी तापवायला गेली. परत येऊन बघते तर यादी कोरी.

वाल्देमारचा आवाज मला बंद स्टुडिओत ऐकू आला.

"मेलेल्या माणसांचे आवाज होते ते, पोरी! ते काय परत येऊन बोलणारेत?"

"मी हातसुद्धा लावला नाही, वाल्देमारसाहेब. आईशप्पथ."

"मग भुताने पुसले? उद्यापासून येऊ नकोस."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि आवाज गेले म्हणून रडूही येत होतं. मी एल्बियाला फोन केला. ती आली, कोट न काढताच खुर्चीत बसली आणि सर्व्हरवरच्या नोंदी वाचू लागली.

"एकामागोमाग, डोळ्याचं पातं लवायच्या आत एकेक फुली. ही पोरगी आहे का शिलाईचं मशीन?" ती म्हणाली. "जोडाने उघडल्यात. लिंक दिसली की उघडायची, हेच त्याचं काम. पोरीची काही चूक नाही."

"मग कुणाची?" वाल्देमारने विचारलं.

एल्बियाने नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आवाज आहेत."

कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तिने मागेच, कुणाला न विचारता, आतल्या आत एक बदल केला होता. फुली दाबली की आवाज नुसता लपायचा, नष्ट व्हायचा नाही. यामिला तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. "बास गं," एल्बिया म्हणाली, "माते सांडेल."

आधी तिने सगळ्या फुल्या काढून बटणं बसवली. मग लपलेले आवाज परत आणले. पण सर्व्हरच्या नोंदींत फुली दाबल्याची वेळ तेवढी होती, ती कुठल्या आवाजाची ते नव्हतं. त्यामुळे त्या बदलानंतर मुद्दाम पुसलेलेही सगळे उठून आले. आता एकेक ऐकून वेगळे करणं आलं. आम्ही चौघं ऐकत बसलो. दुपारपर्यंत कुणातच बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

यामिलाने पुढचा आवाज लावला आणि वाल्देमार ताठ झाला. तो त्याचा भाऊ एलादियो होता. वडिलांच्या होडीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एलादियो गेला, तेव्हा वाल्देमार दफनालाही गेला नव्हता.

मासे कसे धरायचे ते सांगता सांगता एलादियो मध्येच थांबला. मग म्हणाला, "ती होडी वाल्देमारचीच आहे. तोंडावर सांगायला मला जमत नाही. रेडिओवर तरी ऐकेल. ये म्हणावं. माझं दार नुसतं लोटलेलं असतं."

"मी नाव बघितलं आणि फुली दाबली," वाल्देमार हळूच म्हणाला. "ऐकलंच नाही." मग एकदम एल्बियावर उसळला. "हा इथे आहे हे तुला ठाऊक होतं?"

"आहे हे ठाऊक होतं. काय बोललाय ते नाही. लोकांनी पुसलेलं मी ऐकत नाही."

"मला सांगायचंस तरी!"

"तू स्वतः पुसलं होतंस, वाल्देमार," ती थकल्या आवाजात म्हणाली. "त्या दिवशी कुठलं यंत्र नव्हतं."

त्याने खुर्ची स्पीकरजवळ ओढली. मग यामिलाकडे न बघताच म्हणाला, "पोरी, पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं.