अर्ध्यावर तोडलेला धवला

माझ्या भावाचा पेणहून फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून येऊन कुकर लावत होते. माझ्या हळदीचा व्हिडिओ त्याने फार पूर्वी इंटरनेटवर टाकला होता, आणि त्याचा आवाज आता बंद झाला होता. खाली सूचना आली होती की यातलं गायन एका म्युझिक कंपनीच्या मालकीचं आहे आणि आपण ते परवानगी न घेता वापरलं आहे. भाऊ म्हणाला, "अगं, यात तर फक्त काकी गातेय. काकी कंपनीच्या मालकीची कधी झाली?"

काकी म्हणजे आमची धाकटी चुलती. पेणच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथे ती राहते. भाताची शेती आणि भात निघाल्यावर वाल. आमच्या लोकांत हळदीला आणि लग्नाला धवले म्हणणारी बाई लागतेच. तिला धवलारीण म्हणतात. धवला म्हणजे साधं गाणं नव्हे. त्यात देवांना, गावदेवीला, गेलेल्या माणसांना मांडवात यायचं आवतण दिलेलं असतं. काकी हे काम सासूकडून शिकली. गावातल्या किती मुलींच्या हळदीला ती गायली असेल, ते तिलाही सांगता यायचं नाही.

त्या व्हिडिओत ती माझ्यासाठी गात होती. मी रोह्याला आले, नदीपलीकडच्या अष्टमी गावात संसार थाटला, तरी अधूनमधून तो लावून ऐकायचे. माझी आई पुढच्याच वर्षी गेली. त्या व्हिडिओत काकीमागे सूर धरणाऱ्या बायकांत तिचाही आवाज होता. आवाज बंद झाला म्हणजे तोही गेला. मूळ चित्रीकरण ज्या फोनवर होतं तो केव्हाच मोडीत गेला होता.

भावाने सूचनेत दिलेलं गाणं पाठवलं. ते मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. हळदीत, गणपतीत, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही मुलं त्यावर नाचली होती. ढोलाचा दणदणाट, आणि मधे मधे एका बाईची बारीक, चढ्या सुरातली हाक. ती काकी असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

नवरा कारखान्यातून पहिली शिफ्ट करून आला. त्याला असल्या खटपटींची आवड आहे. त्याने फोनवरच ते गाणं हळू केलं, सूर खाली आणला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. काकीच होती. शिवाय त्या हाकेच्या शेवटी एक ठण्ण आवाज होता. माझ्या हळदीत मावशीच्या हातून परात पडली होती आणि सगळ्या हसल्या होत्या, तोच तो आवाज. त्यांनी तो तसाच ठेवून ठेक्यात बसवला होता.

राग आलाच. पण त्याहून मोठी भीती काकीची होती. आपल्या पोरांनी आपला गळा कंपनीला विकला असं तिला वाटलं तर? शेजारणी तिला काय म्हणतील? दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून रविवारी एसटीने पेण गाठलं आणि तिथून भावाच्या गाडीवर गावाला गेले.

काकी ओटीवर वाल निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं आणि गाणं लावलं. तिने हात थांबवून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. आमच्यावर संशय घेणं तिच्या मनातही आलं नाही. ती वेगळ्याच गोष्टीने बेचैन झाली.

"यात मी देवीला मांडवात बोलावतंय," ती म्हणाली. "मंग पुढच्या ओळीत तिला बसाला पाट देतात. तो पाट यांनी काढून टाकला गो. नुसतीच हाका मारतात, हाका मारतात. घरी बोलावलेल्या माणसाला असं दारात उभं ठेवतात काय?"

इतक्या लोकांच्या हळदीत हे अर्धंच आवतण वाजलं, त्याचं कसं होणार, हे तिने मला दोनदा विचारलं. परत येताना मन आणखी जड झालं.

भावाने कंपनीला दोनदा हरकत कळवली. दोन्ही वेळा ठरावीक मजकूर आला की तपासणी झाली, दावा कायम आहे. मग मी ते गाणं बनवणाऱ्या मुलाचं पान शोधलं आणि त्याला सरळ मराठीत लिहिलं की तुमच्या गाण्यातली बाई माझी काकी आहे, ती हयात आहे आणि तिला तुमच्याशी बोलायचं आहे. उत्तराची आशा नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला.

तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. त्याने कुठल्याशा परदेशी साइटवरून आवाजांचा एक संच विकत घेतला होता. त्यात ढोल, पाऊस, पाखरं आणि 'अनोळखी स्त्री, लोकगीत' अशा नावाचा एक तुकडा होता.

"मी विकत घेतलं होतं, ताई, चोरलं नव्हतं."

"तुम्ही विकत घेतलंत, मान्य. पण ज्याने विकलं त्याला दिलं कुणी?"

तो म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं, ही बाई आता नसेलच. जुन्या काळातलं कुणीतरी असेल."

मी त्याला परातीची गोष्ट सांगितली आणि व्हिडिओ पाठवला. त्यात परात खाली पडताना दिसत होती, आवाज मात्र नव्हता. त्याने आपलं गाणं त्या चित्रावर लावून पाहिलं. ओठ आणि हाक जुळली, परातही जुळली. संध्याकाळी त्याचा निरोप आला की मी कंपनीशी बोलतो, तुम्ही काळजी करू नका. हे कुणीही म्हणतं. पण त्या आठवड्यातच व्हिडिओचा आवाज परत आला. मी स्वयंपाकघरात उभ्याने तो ऐकला. मागे धरणाऱ्यांत आईचा थोडा पुढे धावणारा सूर होता. मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. नवरा आपणहून आला आणि शेजारी उभा राहिला.

पुढे तो मुलगा स्वतः गावाला आला. काकीने त्याला आधी घावणे खायला घातले, मग बोलू दिलं. त्याने तिची माफी मागितली आणि गाण्याच्या कमाईत तिचा वाटा राहील असा कागदही आपणहून पुढे केला. तो कागद भावाने नंतर वकिलाला दाखवून घेतला. मग त्या मुलाने विचारलं की गाणं कुणाचं म्हणून लिहू, तुमचंच ना?

"गाणं माझं नाय," काकी म्हणाली. "सासूनं दिलं, तिला तिच्या सासूनं. गळा माझा हाय. माझं नाव गळ्यापुढं घाल, आन् गाण्यापुढं गावच्या बायांचं घाल."

"आणखी काही?"

"व्हय. पाट घाल."

त्याला समजेना, तेव्हा मी समजावलं. तो हसला नाही. पिशवीतून माइक काढून त्याने विचारलं की आत्ताच गाल का. काकीने आळीतल्या बायका बोलावल्या, त्यांनी पदर सारखे केले, पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या. काकीने धवला पहिल्यापासून म्हटला, देवीला बोलावून पाटावर बसवलं, तेव्हा कुठे थांबली. मागे धरणाऱ्यांत मीही होते. कितीतरी दिवसांनी माझा श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं.

सगळंच सरळ झालं असं नाही. तो संच विकणाऱ्याने कुणालाच उत्तर दिलं नाही, आणि जुनं गाणं अजून कुठे ना कुठे वाजतंच. त्याचं काय करायचं विचारलं तर काकी म्हणते, ज्यानं इकलं त्याचं त्यो बघंल. खांब गावात एका हळदीत मी पहिल्यांदा त्या मुलाने पाट घालून केलेलं नवं गाणं वाजताना ऐकलं. पोरं तितक्याच जोरात नाचत होती.

इंटरनेटवर नव्या गाण्याखाली नावं आली त्या दिवशी मी गावालाच होते. काकीचा चष्मा सापडत नव्हता म्हणून तिने मला वाचायला लावलं. मी तिचं नाव वाचलं, मग 'गाणं: गावच्या बाया' हे वाचलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि वालाची पिशवी माझ्याकडे सरकवली. "यंदा दाणा चांगला हाय. जावईबापूंना कडवे वाल आवडतात ना?"